जुलाब थांबले, पण मूल सावरले नाही : अडीच वर्षांच्या मुलातील इस्केमिक कोलायटिस

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका रुग्णालयाच्या बालअतिदक्षता विभागातील आहे. मुलाची आणि कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत व काही गाळले आहेत. आजार कोणत्या क्रमाने वाढत गेला, तो क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण या मुलाचे निदान मुख्यतः त्या क्रमावरूनच झाले.

मोठ्या आतड्याला होणारा रक्तपुरवठा कमी पडला की त्याच्या आतल्या अस्तराला, आणि गंभीर प्रसंगी संपूर्ण भिंतीलाच, इजा होते. तिला इस्केमिक कोलायटिस म्हणतात. साठी ओलांडलेल्या रुग्णांत हे निदान सहज सुचते. लहान मुलांत ते दुर्मीळ आहे आणि म्हणूनच उशिरा सुचते. अडीच वर्षांच्या मुलाला रक्ताची शी झाली की आव, आतड्यात आतडे शिरणे, दुधाची ॲलर्जी हीच कारणे आधी मनात येतात आणि बहुतेक वेळा त्यांपैकीच एखादे खरे ठरते. जेव्हा ते खरे नसते, तेव्हा हातात फार थोडे तास असतात.

मुलगा अडीच वर्षांचा होता. तो वेळेवर जन्मला होता, लसीकरण पूर्ण होते आणि पूर्वी कधी रुग्णालयात दाखल व्हावे लागले नव्हते. बद्धकोष्ठतेचा जुना त्रास नव्हता. जन्मानंतर पहिली काळी शी २४ तासांच्या आत झाली होती, असे आईला पक्के आठवत होते. हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारतो, कारण ती शी उशिरा झाली असेल तर हिर्शस्प्रुंग आजाराची (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतः चेतापेशी नसणे) शंका घ्यावी लागते. वडील टेम्पो चालवत, आई पॅकिंगच्या कामाला जाई आणि दिवसभर मूल आजीपाशी असे. घर सिंहगड रस्त्याच्या पुढच्या टोकाला होते. २०२५ च्या जानेवारीत याच पट्ट्यात गिया बारे सिंड्रोमचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) अनेक रुग्ण आढळले आणि त्या उद्रेकाचा संबंध दूषित पाण्याशी व कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूशी जोडला गेला. तेव्हापासून तिकडच्या घरांत साध्या जुलाबालाही लोक घाबरतात. या कुटुंबातही पाणी उकळूनच प्यायले जात होते. निष्काळजीपणाचा आरोप कोणी करू नये, म्हणून हे आधीच नोंदवते.

आजाराचे पहिले दोन दिवस

उन्हाळ्यातला सोमवार होता. आदल्या दिवशी घरचे सगळे एका लग्नाला गेले होते. सोमवारी पहाटे मुलाला उलट्या सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत दहा-बारा पातळ, पाण्यासारख्या शी झाल्या. त्यांत रक्त नव्हते. जवळच्या डॉक्टरांनी ओआरएस, झिंक आणि उलटीचे औषध दिले व पाणी कमी पडू देऊ नका असे बजावले. हा सल्ला पूर्णपणे योग्य होता.

मंगळवारी जुलाब चालूच राहिले. मूल ओआरएसचा चमचा तोंडाशी नेला की मान फिरवी. नाक वाहत होते, म्हणून मोठ्या चुलतभावासाठी आणलेले सर्दीचे सिरप त्याला तीन वेळा दिले गेले. संध्याकाळी ओळखीच्या एकाने जुलाब थांबवण्याची गोळी आणून दिली आणि तिचा अर्धा तुकडा पाण्यात विरघळवून पाजला. रात्री नऊनंतर शी थांबली आणि दोन दिवस जागलेले घर पहिल्यांदा निर्धास्त झोपले.

बुधवारी सकाळी मुलाचे पोट फुगलेले होते आणि हातपाय गार पडले होते. त्याला उठवले तर तो डोळे उघडी आणि लगेच मिटी. साडेनऊच्या सुमारास लंगोटात गडद लाल रक्त दिसले. वाहतुकीतून वाट काढत ते आमच्याकडे पोहोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते.

दाखल होतानाची स्थिती

वजन १०.३ किलो भरले. अंगणवाडीच्या कार्डावर महिन्यापूर्वीची नोंद ११.४ किलो होती, म्हणजे जवळजवळ एक दशांश वजन घटले होते. नाडीचे ठोके मिनिटाला १७८, रक्तदाब वरचा ७२, नखावर दाबून सोडल्यावर रंग परत यायला पाच सेकंद लागत होते आणि अंगात १००.६ अंश ताप होता. या वयात वरचा रक्तदाब ७५ च्या खाली जाणे म्हणजे मूल शॉकच्या, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचण्याच्या स्थितीच्या, उशिराच्या टप्प्यात आले आहे असे समजतात. त्याआधी लहान मुलाचे शरीर रक्तदाब बराच वेळ टिकवून धरते. पोट ताठर नव्हते, पण फुगलेले होते आणि डावीकडे दाबले की बेशुद्धीसारख्या त्या गुंगीतही मूल कण्हत होते. आतड्यांचे आवाज जवळपास ऐकूच येत नव्हते.

दोन प्रयत्नांत शीर सापडली नाही, तेव्हा तिसरा प्रयत्न न करता नडगीच्या हाडात सुई घालून सलाईन सुरू केले. तिथून रक्त तपासणीला गेले. पांढऱ्या पेशी २१,४००, हिमोग्लोबिन १४.१, प्लेटलेट ३.९ लाख, सीआरपी (शरीरात दाह असला की वाढणारे) ९६, क्रिएटिनिन (मूत्रपिंडे मंदावली की वाढणारे) १.१, बायकार्बोनेट (रक्तात आम्ल वाढले की घटणारे) १२, लॅक्टेट (पेशींना रक्त कमी पडले की वाढणारे) ५.२ आणि साखर ५८ असे आकडे आले. साखर तत्काळ भरून काढली. हिमोग्लोबिन चांगले दिसत होते, पण शरीरातले पाणी आटल्याने रक्त दाट झाले की ते असे फसवे वाढते. दुसऱ्या दिवशी तेच ९.६ वर आले.

समस्या : रक्त कशाचे?

पहिल्या अर्ध्या तासात आमच्यासमोर चार शक्यता होत्या.

आवेची शंका सर्वांत सोपी होती. ताप, रक्त आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी तिच्याकडेच बोट दाखवत होत्या. पण आवेत सहसा थोडी थोडी, वारंवार, कुंथून होणारी आणि चिकट आव असलेली शी होते. इथे दोन दिवस निव्वळ पाणी गेले, मग सारेच थांबले आणि त्यानंतर रक्त आले.

दुसरी शक्यता म्हणजे आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरणे, ज्याला आम्ही इंटससेप्शन म्हणतो. ते सहा महिने ते तीन वर्षे या वयात विशेष आढळते आणि वेळेत ओळखले तर बहुधा शस्त्रक्रियेविना, हवा किंवा सलाईनच्या दाबाने सोडवता येते. म्हणून ते हुकणे परवडत नाही.

तिसरी शक्यता हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोमची होती. त्यात विशिष्ट ई. कोलाय जिवाणूंच्या विषामुळे तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घटतात आणि मूत्रपिंडे बंद पडतात. या मुलाचे क्रिएटिनिन वाढलेले होतेच. पण प्लेटलेट उत्तम होते, रक्ताच्या स्लाइडवर फुटलेल्या पेशी नव्हत्या आणि हा आजार बहुधा जुलाब सुरू झाल्यापासून पाच ते दहा दिवसांनी डोके वर काढतो. तिसऱ्या दिवशी तो नाकारता येत नाही, फक्त नोंदवून ठेवता येतो.

चौथी शक्यता इस्केमिक कोलायटिसची. ती त्या क्षणी आमच्या यादीत शेवटी होती, आणि खरे सांगायचे तर यादीत असूनही कोणाच्या मनात नव्हती.

ती वर आली आजीमुळे. आजीने कापडी पिशवीतून ओआरएसची एक लिटरची बाटली सोबत आणली होती, का ते तिलाही सांगता आले नसते. ती मंगळवारी सकाळी भरलेली होती आणि निम्म्याहून जास्त शिल्लक होती. एका दिवसात दहा-बारा वेळा पाणी गेलेल्या मुलाच्या पोटात जेमतेम चारशे मिली गेले होते, तेही उलट्या धरून. मी विचारले, "आजी, शू शेवटची कधी झाली?" ती म्हणाली, "काल दुपारी. नळाला पाणी आलं ना, तेव्हा मी त्याची चड्डी धुतली. त्याच्यानंतर कोरडाच आहे." पाणी साडेतीनला आले होते. म्हणजे रक्त दिसण्याच्या अठरा तास आधीपासून मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळत नव्हते, आणि ज्या शरीराने मूत्रपिंडे बंद केली त्याने आतड्यांचा रक्तपुरवठा त्याहूनही आधी आवळला असणार.

इथून क्रम स्पष्ट झाला. आधी पाणी गेले, मग लघवी थांबली, मग शी थांबली, मग पोट फुगले आणि सर्वांत शेवटी रक्त आले. शी थांबणे हा आजार बरा होण्याचा भाग नव्हता. आतड्यांनी हालचाल सोडली होती. रक्त हे शॉकचे कारण नव्हते, परिणाम होता.

हे घडते कसे, हे सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्याला समजावणे अवघड नाही. मोठ्या आतड्याला दोन मुख्य रोहिण्यांतून रक्त मिळते. वरची रोहिणी उजवा भाग आणि आडव्या भागाचा मोठा हिस्सा सांभाळते, खालची डावा भाग. प्लीहेजवळच्या वळणावर आणि पुढे गुदाशयाच्या वरच्या टोकाला असे पट्टे आहेत, जिथे एका वाहिनीचा प्रदेश संपतो आणि दुसरीचा सुरू होतो. टाकीतला दाब कमी झाला की रांगेतल्या शेवटच्या घरांना आधी पाणी येईनासे होते, तसेच इथे होते. काही मुलांत, विशेषतः शॉकमध्ये, उजवा भागही सापडतो. गुदाशय मात्र सहसा वाचतो, कारण त्याला दुसरीकडूनही रक्त मिळते. पुढे निदान पक्के करताना हा वाचलेला गुदाशयच आमच्या कामी आला.

पहिले सहा तास आणि आमची चूक

प्रतिकिलो २० मिली रिंगर लॅक्टेट हे सलाईन गेल्यावर ठोके १७८ वरून १६० वर आले आणि आम्हाला हायसे वाटले. इंटससेप्शनची भीती मनात असल्याने आम्ही मुलाला लगेच खालच्या मजल्यावर सोनोग्राफीला पाठवले. तिथे पंचवीस मिनिटे गेली आणि त्या खोलीत रक्तदाब ६४ वर उतरला. सोबतच्या निवासी डॉक्टरने तपासणी थांबवून दुसरे सलाईन तिथेच सुरू केले आणि मुलाला वर आणले. त्याने योग्य केले; पाठवण्याचा निर्णय माझा होता आणि तो चुकला होता. ज्या आजाराचे मूळच कमी रक्तपुरवठ्यात आहे, त्यात शॉक पूर्ण आटोक्यात येण्याआधी निदानामागे धावणे म्हणजे आतड्याचे आणखी नुकसान होऊ देणे. यंत्र मुलापाशी आणता आले असते. तेव्हापासून आमच्या विभागात असे मूल खाली नेले जात नाही, फिरते यंत्र वर येते.

एकूण प्रतिकिलो ५० मिली द्रव दिल्यावरही रक्तदाब काठावरच राहिला, तेव्हा रक्तदाब वाढवणारे औषध सुरू करणे भाग होते. ही अडचणीची जागा आहे, कारण या वर्गातली बरीच औषधे आतड्यांच्या वाहिन्या आवळतात. व्हासोप्रेसिन आम्ही टाळले. ॲड्रिनलिन कमी मात्रेत सुरू केले, दर अर्ध्या तासाने मात्रा तपासली आणि नऊ तासांत ते बंद करता आले. औषध अजिबात न देणे हाही एक पर्याय चर्चेत आला होता, पण रक्तदाबच नसेल तर आतड्याला रक्त मिळणार कुठून, या साध्या प्रश्नाने तो बाजूला पडला.

नाकातून नळी घालून पोट रिकामे केले आणि तोंडाने सर्व काही बंद ठेवले. सेफ्ट्रिॲक्झोन व मेट्रोनिडाझोल ही प्रतिजैविके सुरू केली. विष तयार करणाऱ्या ई. कोलायची शंका असताना प्रतिजैविके द्यावीत की नाहीत, यावर बालरोगतज्ज्ञांत मतभेद आहेत आणि आम्हीही त्यावर दहा मिनिटे वाद घातला. अस्तर फाटलेल्या आतड्यातून जिवाणू थेट रक्तात शिरण्याचा धोका अधिक मोठा वाटल्याने शेवटी ती दिली.

निदान पक्के करणे

सोनोग्राफीत इंटससेप्शनची ती ओळखीची वर्तुळात वर्तुळ अशी प्रतिमा नव्हती. त्याऐवजी प्लीहेजवळच्या वळणापासून खाली डाव्या बाजूची भिंत ७ ते ८ मिलिमीटर जाड झालेली होती आणि डॉप्लरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, तिच्यातला रक्तप्रवाह अतिशय क्षीण होता. जंतुसंसर्गाने सुजलेल्या आतड्यातही भिंत जाड होते, पण तिथे सहसा रक्तप्रवाह वाढलेला दिसतो. हा फरक रेडिओलॉजिस्टने आपणहून फोन करून सांगितला. लेखी अहवालात तो एका ओळीत असता आणि कदाचित आमच्या नजरेतून सुटला असता.

सीटी स्कॅन करावा का, हा पुढचा प्रश्न होता. विरोधात दोन ठोस गोष्टी होत्या, वाढलेले क्रिएटिनिन आणि या वयातला किरणोत्सर्ग. बाजूने एकच होती, पण वजनदार होती : मोठ्या वाहिनीत गुठळी असेल किंवा आतड्याला पीळ पडला असेल तर औषधोपचारात घालवलेला प्रत्येक तास घातक ठरला असता. शॉक आवरल्यावर आणि लघवी सुरू झाल्यावर, संध्याकाळी साडेपाचला, सीटी केला. मोठ्या वाहिन्या मोकळ्या होत्या, पीळ नव्हता, भिंतीत किंवा यकृताच्या शिरांत वायू नव्हता, लहान आतडे चांगले होते. डाव्या मोठ्या आतड्याची भिंत सुजलेली होती आणि गुदाशय पूर्णपणे सुटला होता.

शीच्या तपासणीत शिगेला हा आवेचा जिवाणू, कॅम्पिलोबॅक्टर आणि त्या विशिष्ट ई. कोलायचे शिगा विष यांपैकी काहीच सापडले नाही, नोरोव्हायरस सापडला. म्हणजे सुरुवात एका अगदी सामान्य विषाणूने झाली होती.

तिसऱ्या दिवशी बालपचनसंस्थेच्या तज्ज्ञांनी गुदमार्गे दुर्बीण घातली. संपूर्ण मोठे आतडे पाहण्याचा आग्रह धरायचा नाही, हे आधीच ठरले होते. आजारी, पातळ झालेल्या भिंतीवर हवेचा दाब देणे धोक्याचे असते, म्हणून कमीत कमी कार्बन डायऑक्साइड वापरला. गुदाशय गुलाबी होता. साधारण १४ सेंटिमीटरवर जणू रेघ मारावी तसा रंग बदलला. पलीकडे जांभळट, सुजलेले अस्तर आणि त्यावर लांबट जखम दिसली. तज्ज्ञ तिथेच थांबले, सीमेवरून तुकडे घेतले आणि बाहेर आले. सूक्ष्मदर्शकाखाली अस्तराचा वरचा थर नष्ट झालेला, खाली रक्तस्राव आणि बारीक वाहिन्यांत लहान गुठळ्या असे चित्र होते. ॲलर्जीत वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशी नगण्य होत्या, क्षयरोगासारख्या गाठी नव्हत्या. अंगावर पुरळ नव्हते आणि लघवीत रक्त नव्हते, त्यामुळे वाहिन्यांच्या दाहाचा आजारही मागे पडला.

शस्त्रक्रिया आता, की थांबावे

पण दुर्बिणीच्या आधीची बुधवारची रात्र हीच या प्रकरणातली खरी कसोटी होती.

रात्री दहाला पोटाचा घेर ५१ वरून ५३.५ सेंटिमीटर झाला. प्लेटलेट २.१ लाखांवर आले. डावीकडची वेदना वाढल्यासारखी वाटत होती. दुसरीकडे लॅक्टेट २.१ पर्यंत उतरले होते आणि लघवी होत होती. बालशल्यचिकित्सकांना तातडीने बोलावले.

त्यांच्यापुढे तीन मार्ग होते. पोट उघडून काळवंडलेला भाग काढणे आणि शीचा मार्ग तात्पुरता पोटावर आणणे, पोटाला लहान छिद्र पाडून दुर्बिणीने आत फक्त पाहणे, किंवा थांबणे. पोट उघडले आणि आतडे सुजलेले पण जिवंत निघाले, तर मुलाला मोठी शस्त्रक्रिया विनाकारण सोसावी लागणार होती. थांबलो आणि आतड्याला छिद्र पडले, तर पोटभर संसर्ग होऊन मूल हातचे जाण्याची भीती होती. फक्त पाहण्याच्या मार्गातही पोटात वायू भरावा लागतो आणि काही तासांपूर्वी शॉकमधून बाहेर आलेल्या मुलाला ते झेपेल याची खात्री भूलतज्ज्ञांना वाटत नव्हती. शिवाय बाहेरून जिवंत दिसणारे आतडे आतून किती खराब आहे ते त्यात कळत नाही.

मुलाला डाव्या कुशीवर झोपवून एक्स-रे काढला. मोकळी हवा, म्हणजे आतड्याला छिद्र पडल्याची खूण, नव्हती. मग आम्ही थांबायचे ठरवले, पण कोणत्या गोष्टी घडल्या तर थांबणे संपेल, ते कागदावर लिहून घेतले : पोटात मोकळी हवा, संपूर्ण पोट ताठर होणे, द्रव पुरेसे असूनही लॅक्टेट पुन्हा चढणे, प्लेटलेट १ लाखाखाली जाणे किंवा भिंतीत वायू दिसणे. यांपैकी एक जरी घडली तरी नव्याने चर्चा न करता शस्त्रक्रियागृहात जायचे. शस्त्रक्रियागृह आणि भूलतज्ज्ञ तयार ठेवले, रक्ताची पिशवी जुळवून ठेवली. आणखी एक गोष्ट ठरली, जी मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. रात्रभर पोट एकाच व्यक्तीने तपासायचे. "थोडे कठीण" आणि "जरा जास्त कठीण" या शब्दांचा अर्थ प्रत्येक हाताला वेगळा असतो; त्याच हाताने चार तासांनी पुन्हा पाहिले तरच फरक कळतो. शल्यचिकित्सक त्या रात्री घरी गेले नाहीत. दहा, दोन आणि सहा वाजता त्यांनीच पोट तपासले.

पावणेअकराला मी पालकांशी बोलले. वडील म्हणाले, "मॅडम, ऑपरेशन करायचं की नाही, एक काहीतरी सांगा. पैशाची सोय करतो आम्ही, पण असं मधे लटकवू नका." त्यांचा त्रागा रास्त होता. मी त्यांना तो कागद दाखवला आणि प्रत्येक मुद्दा मराठीत सांगितला. कधी पुन्हा तपासणार, काय दिसले तर आत नेणार आणि तसे झाले तर शीची पिशवी काही महिने पोटावर असेल, हेही सांगितले. "आत्ता करणे धोक्याचे आहे आणि न करणेही धोक्याचे आहे. आज रात्री न करण्यातला धोका आम्हाला कमी वाटतो आणि दर चार तासांनी आम्ही हे पुन्हा तपासून पाहणार आहोत," असे मी म्हणाले. संमतीपत्रावर त्यांनी तेव्हाच सही केली, म्हणजे गरज पडली तर सहीसाठी वेळ जाऊ नये.

दोन वाजता लॅक्टेट १.६ होते आणि घेर ५३. इथे एक सावधगिरी सांगायला हवी : लॅक्टेट चांगले असणे म्हणजे आतडे सुरक्षित असणे नव्हे, मर्यादित भागाला इजा असली तर तो आकडा सुरुवातीपासून सामान्यही राहू शकतो. म्हणून त्याच्याइतकेच वजन हाताला लागणाऱ्या पोटाला दिले. सहा वाजता घेर ५२ झाला आणि मुलाने त्या दोन दिवसांत पहिल्यांदा आईला हाक मारली.

पुढील उपचार

प्लेटलेट १.४ लाखांपर्यंत घसरून पुन्हा चढले. क्रिएटिनिन चौथ्या दिवशी ०.४ झाले. हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोमची टांगती शंका असल्याने दहाव्या दिवसापर्यंत रोज प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि रक्ताची स्लाइड पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून शिरेतून पोषण दिले. सहाव्या दिवशी नळीतला हिरवा स्राव थांबला, आतड्यांचे आवाज परतले आणि मग दर दोन तासांनी १० मिली याप्रमाणे पचायला सोपे केलेले विशेष दूध सुरू झाले. आजीचा आग्रह भाताच्या पेजेचा होता. आठव्या दिवशी तो मान्य केला आणि त्याच दिवसापासून मुलाने नळीविना गिळायला सुरुवात केली. बाराव्या दिवशी तो १०.६ किलो वजनाने घरी गेला.

रक्त गोठण्याचे जन्मजात दोष शोधणाऱ्या तपासण्या आम्ही आजाराच्या काळात मुद्दाम केल्या नाहीत. प्रोटीन सी आणि प्रोटीन एस यांच्या पातळ्या अशा आजारात आपोआप खालावतात आणि मग मुलाच्या कपाळी उगाच एक कायमचे निदान चिकटते. तीन महिन्यांनी त्या केल्या. त्यांत दोष आढळला नाही.

घरी गेल्यानंतर

इजा झालेले आतडे भरून येताना आक्रसू शकते आणि तसे झाले तर त्याची लक्षणे काही आठवड्यांनी दिसतात. आम्हाला हे ठाऊक होते. डिस्चार्जच्या वेळी आईला ते तोंडी सांगितलेही होते. कार्डावर मात्र ते इंग्रजीत, तेही संक्षेपात लिहिलेले होते.

सातव्या आठवड्यात मुलाचे पोट जेवणानंतर फुगू लागले आणि शी बारीक, रिबिनीसारखी व्हायला लागली. घरच्यांना वाटले की केळी जास्त झाली. बारा दिवस घरगुती उपाय झाल्यावर ते आमच्याकडे आले. गुदमार्गे औषध भरून काढलेल्या एक्स-रेत डाव्या बाजूला साधारण २ सेंटिमीटर लांबीचा अरुंद भाग दिसला.

तो भाग कापून टोके जोडावीत की फुग्याने रुंद करावा, यावर पुन्हा बैठक झाली. कापून जोडल्यास प्रश्न एकदाच मिटतो. फुग्याने रुंद करताना भिंत फाटण्याचा धोका असतो आणि आक्रसणे परत होऊ शकते. पण अरुंद भाग लहान व सरळ होता, वरचे आतडे फार फुगलेले नव्हते आणि मूल नुकते कुठे वजन धरू लागले होते. आधी फुगा वापरायचा आणि दोनदा करूनही उपयोग झाला नाही तर शस्त्रक्रिया, असे ठरले. तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा ते केले. त्यानंतर शी नीट होऊ लागली.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी मंगळवारची संध्याकाळ. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी लहान मुलाला देऊ नये. ती आतड्यांची हालचाल मंदावते. पाणी आतड्यात साचत राहते, पोट फुगते आणि बाहेरून सारे शांत दिसते. सर्दीच्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन होते. फिनाइलएफ्रिन रक्तवाहिन्या आवळते. चार वर्षांखालील मुलांना हे मिश्रण देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचे निर्देश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले आहेत. या दोन औषधांनीच इजा झाली असे मी म्हणणार नाही. पाण्याची कमतरता एकटीच त्याला पुरेशी होती. पण आटलेल्या शरीरात वाहिनी आवळणारे औषध आणि थंडावलेले आतडे यांची त्यात भर पडायला नको होती. आजीला मी याबद्दल एक शब्दही बोलले नाही. त्या घरात सर्वांत अचूक माहिती तिच्याकडेच होती आणि तिला दोषी वाटले असते तर पुढच्या वेळी तिने ती सांगितली नसती.

पहिल्या डॉक्टरांच्या उपचारांत खोट नव्हती, पण दुसऱ्या दिवसासाठी एक ठरलेला फोन असता तर फार फरक पडला असता. त्या फोनवर शी किती वेळा झाली याआधी शू कधी झाली आणि बाटलीत किती उरले, हे विचारायला हवे. सहा-आठ तास लघवी नसेल, मूल पीत नसेल किंवा जुलाब थांबूनही पोट फुगले असेल आणि मूल मलूल असेल, तर त्याच रात्री रुग्णालय गाठायला सांगावे.

आमच्या बाजूने सोनोग्राफीची घाई वर सांगितलीच आहे. दुसरी उणीव त्या इंग्रजी कार्डाची. आता अशा मुलांना घरी पाठवताना मराठीत एक वेगळे पान देतो. त्यावर सहा ते बारा आठवड्यांत जेवणानंतर पोट फुगणे, हिरवी उलटी, बारीक शी किंवा तीन दिवस शी न होणे, यांपैकी काहीही दिसले तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा ते मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. ते पान घरात जो मुलाला सांभाळतो त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतले जाते. सहाव्या आठवड्याची भेटही आता लक्षणांची वाट न पाहता ठरलेली असते.

दुर्बीण तिसऱ्या दिवशी करायला हवी होती का, यावर आमच्यात आजही एकमत नाही. शल्यचिकित्सकांच्या मते सीटी आणि डॉप्लरवर निदान पुरेसे स्पष्ट होते आणि तो धोका टाळता आला असता. मला वाटते की त्या तुकड्यांमुळेच प्रतिजैविके वेळेत थांबवता आली आणि क्षयरोग, ॲलर्जी व वाहिन्यांचा दाह यांच्या मागे धावणे टळले.

आजारानंतर दहा महिन्यांनी मुलगा तपासणीला आला तेव्हा वजन १३.२ किलो होते, पोट मऊ होते आणि शी रोज एकदा होत होती. पुढची भेट सहा महिन्यांनी ठेवली आहे.